आपला खासदार संसदेत काय करतो? मतं, भाषणं आणि प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून ४८ जण लोकसभेवर आणि १९ जण राज्यसभेवर जातात. गोव्यातून दोन आणि एक. त्यातले मोजके मंत्री होतात, काही गटनेते. बाकीच्यांची नावं अधिवेशनाच्या बातम्यांत क्वचितच येतात. तरी त्यांच्या कामाची नोंद रोजच्या रोज होत असते आणि ती कुणालाही फुकट वाचता येते. मी ती गेली काही वर्षं नेमाने वाचतो. गावाकडचे नातेवाईक, वाचनालयात स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं, सकाळी फिरायला येणारी मंडळी मला जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मागच्या बाकावरचा खासदार म्हणजे नेमका कोण?

जो मंत्री नाही, पक्षाचा गटनेता नाही आणि ज्याला पक्ष मोठ्या चर्चेत पहिल्या फळीत बोलायला उभा करत नाही, तो. सभागृहात पुढचे बाक मंत्र्यांना आणि नेत्यांना असतात, म्हणून हे नाव पडलं. तो सत्ताधारी पक्षाचाही असतो, विरोधकांचाही. संख्येने पाहिलं तर संसद म्हणजे मुख्यतः हेच लोक.

आमच्या खासदाराने अमुक विधेयकावर काय मत दिलं, ते कुठे दिसेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि खरं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात : बहुतेक विधेयकांवर ते कुठेच दिसणार नाही, कारण ते नोंदलंच जात नाही.

आपल्याकडे बहुतांश विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी विचारतात, बाजूने असलेल्यांनी ‘होय’ म्हणावं, विरुद्ध असलेल्यांनी ‘नाही’ म्हणावं. दोन्हीकडून आवाज उठतो, ‘होय’वाल्यांचं बहुमत आहे असं जाहीर होतं आणि विधेयक मंजूर होतं. इतिवृत्तात एवढंच उरतं : ‘प्रस्ताव स्वीकृत हुआ’. कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी उपाहारगृहात होतं, याचा मागमूस राहत नाही.

तीन कृषी कायदे आठवा. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधक मतविभागणी (म्हणजे मोजून, नोंद होणारं मतदान) मागत होते, गोंधळ चालू होता, आणि त्यातली दोन विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, काही मिनिटांत, पुन्हा आवाजीच मंजूर झालं. देशभरातले शेतकरी वर्षभर ज्यावरून रस्त्यावर बसले होते, त्या कायद्यांवर राज्यसभेच्या एकेका सदस्याने काय मत दिलं याचा कागद नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत ज्या दिवशी मांडलं त्याच दिवशी गोंधळात मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही झालं. तिथेही तेच.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. मत देणं हे खासदाराचं सगळ्यात मोठं काम आहे आणि नेमकी त्याचीच नोंद आपल्याकडे सगळ्यात कमी आहे.

मग नावानिशी मतदान कधी होतं?

दोन प्रसंगी. घटनादुरुस्ती असेल तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागतं, म्हणजे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. ते मोजल्याशिवाय कळणार नाही, म्हणून मतविभागणी होतेच. दुसरं, कुणा सदस्याने आवाजी निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली तर. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये ती पद्धत दिली आहे : लॉबी मोकळी करायची, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, मग दारं बंद होतात आणि प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. हिरवं बटण बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. तसं झालं की नावं नोंदली जात नाहीत.

अलीकडच्या वर्षांतली ही मतदानं नावांसकट पाहता येतात :

महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती, २० सप्टेंबर २०२३, लोकसभा : बाजूने ४५४, विरोधात २. नवीन इमारतीत हे मतदान कागदी चिठ्ठ्यांवर झालं. विरोधातली दोन मतं असदुद्दीन ओवेसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. तुम्हाला ती भूमिका पटो न पटो, छत्रपती संभाजीनगरच्या मतदाराला आपल्या तेव्हाच्या प्रतिनिधीने काय केलं हे निःसंशय सांगता येतं. राज्यसभेत दुसऱ्या दिवशी २१४ विरुद्ध शून्य.

एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक, १७ डिसेंबर २०२४ : नुसतं मांडायला परवानगी द्यावी का यावरच मतविभागणी झाली, २६९ विरुद्ध १९८.

वक्फ सुधारणा विधेयक : २ एप्रिल २०२५ ला सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेली आणि लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ असं मतदान झालं. राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५.

या याद्या त्या-त्या दिवसाच्या इतिवृत्तात असतात. एक सावधगिरी बाळगा. निकाल जाहीर करताना ‘शुद्धि के अध्यधीन’ असं म्हटलं जातं, म्हणजे दुरुस्तीला जागा ठेवून. ज्यांचं यंत्र चाललं नाही किंवा चुकीचं बटण दाबलं गेलं, ते चिठ्ठीने मत नोंदवतात आणि ती नावं यादीखाली तळटीपेत येतात. आपल्या खासदाराचं नाव यादीत नाही म्हणून लगेच ‘गैरहजर’ असा शिक्का मारू नका; तळटीप वाचा.

पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं असेल, तर ते बघण्यात काय अर्थ?

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिलं किंवा मतदान टाळलं, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे पक्षादेश निघालेल्या विधेयकावरचं मत हे पक्षाचं मत असतं, असं धरून चालावं.

तरीही ते बघावं. खासदार गावात येऊन एक बोलला आणि बटण दुसरं दाबलं, हे फक्त यादीतच सापडतं. कोण मतदानाला थांबलंच नाही, हेही तिथेच दिसतं. आपल्याकडे तर शिवसेनेतल्या २०२२ च्या फाटाफुटीनंतर मूळ प्रश्नच उभा राहिला की पक्षादेश काढायचा कुणी. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. चंडीगडचे खासदार मनीष तिवारी यांनी पक्षादेशाची सक्ती फक्त सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती ठेवावी असं खासगी विधेयक एकाहून अधिक वेळा मांडलं आहे. मला ती मागणी रास्त वाटते.

एकेका मताचं वजन केवढं असतं ते १७ एप्रिल १९९९ ला दिसलं. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं.

सभात्याग म्हणजे विरोधच ना?

नाही. सभात्याग केलेल्याचं मत कुठल्याच बाजूला धरलं जात नाही. बहुमत हजर राहून मतदान करणाऱ्यांचं मोजतात, म्हणून बाहेर गेलेला माणूस बहुमताचा आकडा खाली आणतो. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर डिसेंबर २०१९ मध्ये शिवसेनेने लोकसभेत बाजूने मतदान केलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. तेव्हा गावोगावी ‘सेनेने विरोध केला की पाठिंबा दिला’ यावर वाद झाले. नोंद म्हणते : एका सभागृहात पाठिंबा, दुसऱ्यात मतदानच नाही.

तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत फरक काय?

तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, उपप्रश्न नाहीत. लोकसभेच्या यादीत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेचा सदस्य एका दिवसासाठी पाच सूचना देऊ शकतो आणि त्यातला एकच तारांकित होऊ शकतो. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. क्रम सोडतीने ठरतो, म्हणजे पुढच्या बाकावरच्याचं आणि मागच्याचं नाव एकाच डब्यातून निघतं. मंत्रालयांना वार नेमून दिलेले असतात.

तारांकित प्रश्न मिळाला म्हणजे तोंडी उत्तर मिळेलच असं नाही. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास ११ ते १२. शांतपणे चालला तरी तेवढ्या वेळात पाच-सहा प्रश्न होतात, आणि गोंधळ झाला तर एकही नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते. तोंडी उत्तर मिळालं फक्त ५५ ना. ज्यांची पाळी येत नाही त्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवली जातात.

सप्टेंबर २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. फक्त लेखी उत्तरं सुरू राहिली.

आमच्या खासदाराने पाचशे प्रश्न विचारले असं फलकावर लिहिलंय. म्हणजे तो चांगला खासदार?

मेहनती असावा. चांगला आहे की नाही ते प्रश्न वाचल्याशिवाय कळणार नाही.

सतराव्या लोकसभेत जास्त प्रश्न विचारणाऱ्यांत सुप्रिया सुळे, अमोल कोल्हे, श्रीरंग बारणे, सुभाष भामरे अशी महाराष्ट्रातली नावं ठळकपणे होती. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या तक्त्यावर हजेरी, चर्चा, प्रश्न असे आकडे मिळतात आणि वर्तमानपत्रं ते उचलतात. तक्ता उपयोगाचा आहे, मीही तिथूनच सुरुवात करतो. पण आकड्याला तीन गोष्टी लावून बघाव्या लागतात.

पहिली, सारखे प्रश्न एकत्र केले जातात. एका प्रश्नावर तीन-चार नावं असली की तो प्रत्येकाच्या खात्यावर जमा होतो. शेजारशेजारच्या मतदारसंघांतल्या खासदारांच्या कार्यालयांतून एकाच मजकुराच्या सूचना गेल्याचं नोंदीत सहज ओळखू येतं. दुसरी, प्रश्न कुठे टोचतो ते बघावं. ‘सरकारने अमुक योजनेसाठी कोणती पावलं उचलली’ हा प्रश्न मंत्रालयाला जाहिरात करायची संधी देतो. ‘सोलापूर जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत पीक विम्याचे किती दावे नाकारले, वर्षनिहाय आणि कंपनीनिहाय’ हा प्रश्न मंत्रालयाला कपाट उघडायला लावतो. तिसरी, खासदाराने तोच धागा पुढच्या अधिवेशनात धरला का? एकदा विचारून सोडून दिलेला प्रश्न आणि चार अधिवेशनं पिच्छा पुरवलेला प्रश्न तक्त्यात सारखेच मोजले जातात.

आमच्या खासदाराचे प्रश्न शून्य आहेत. काहीच करत नाही का?

आधी तो मंत्री आहे का ते बघा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीपटावर सहीही करत नाहीत. नागपूरचे नितीन गडकरी, उत्तर मुंबईचे पीयूष गोयल, पुण्याचे मुरलीधर मोहोळ, रावेरच्या रक्षा खडसे यांचे आकडे म्हणून रिकामे दिसतात. निलंबन झालं असेल तरी आकडा पडतो. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्यात सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे हेही होते. निलंबितांचे यादीतले प्रश्नही वगळले गेले. शिक्षा खासदाराला झाली, पण त्याच्या मतदारसंघाने विचारलेलं अनुत्तरित राहिलं.

मंत्री नाही, निलंबन नाही आणि तरी शून्य असेल तर कारण त्यालाच विचारा.

उत्तर हाती आलं, पण समजत नाही. कसं वाचायचं?

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव आणि मंत्रालय निवडलं की उत्तराची पीडीएफ उघडते. वर भारत सरकार, मंत्रालयाचं नाव, ‘अतारांकित प्रश्न सं.’, उत्तराची तारीख आणि तिच्याबरोबर शके तारीख. मग प्रश्नाचं शीर्षक, विचारणाऱ्यांची नावं आणि ‘क्या … मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’ अशी सुरुवात करून (क), (ख), (ग), (घ) असे उपभाग. खाली उत्तर. मी काय करतो ते सांगतो : वहीचं पान उभं दुमडतो, डावीकडे प्रश्नाचा एकेक उपभाग माझ्या शब्दांत लिहितो आणि उजवीकडे त्याला मिळालेलं उत्तर. ‘(क) से (घ)’ असं एकत्र उत्तर आलं असेल तर बहुधा उजवीकडे एक-दोन घरं रिकामी राहतात. ती घरं म्हणजे सरकारने न दिलेलं उत्तर.

काही वाक्यं ठरलेली असतात. ‘प्रश्न नहीं उठता’ म्हणजे आधीच्या भागाला नकार दिला, म्हणून हाही निकाली. ‘सूचना एकत्रित की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी’ हे आश्वासन आहे. ते सरकारी आश्वासनांच्या समितीकडे नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. तारीख लिहून ठेवा. ‘राज्य का विषय है’ म्हणजे चेंडू मुंबईकडे टोलवला. ‘विचाराधीन’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. मराठीच्या अभिजात दर्जाबद्दल खासदार वर्षानुवर्षं विचारत राहिले आणि हाच शब्द ऐकत राहिले. निर्णय झाला ३ ऑक्टोबर २०२४ ला.

एकेका शब्दावर किती काय लपतं, याचं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात आरोग्य राज्यमंत्री, दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार भारती पवार यांनी सांगितलं की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. बातमी झाली, ‘प्राणवायूअभावी एकही मृत्यू नाही’. उत्तर तसं म्हणत नव्हतं. उत्तर म्हणत होतं की आरोग्य राज्याचा विषय आहे, राज्यं आकडे कळवतात आणि त्यांनी हे कारण म्हणून वेगळं कळवलं नाही. तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले होते. त्या घरांतल्या लोकांनी ती बातमी वाचली असेल. एक शब्द नीट वाचून पुढचा प्रश्न राज्याला विचारायला हवा होता : तुम्ही का कळवलं नाही?

‘आकडेवारी नाही’ हेही उत्तरच असतं. टाळेबंदीत परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असं सप्टेंबर २०२० मध्ये विचारलं तेव्हा श्रम मंत्रालयाने लेखी सांगितलं की अशी माहिती ठेवलेली नाही. त्या एका ओळीने मोठी भाषणं करू शकली नसती एवढं उघडं पाडलं.

शून्य प्रहर आणि नियम ३७७ हे काय असतं?

प्रश्नोत्तरानंतर तातडीचे मुद्दे मांडायची वेळ म्हणजे शून्य प्रहर. हा शब्द नियमपुस्तकात नाही, प्रथेने रुळला. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. नियम ३७७ खाली सदस्य छोटा लेखी मुद्दा मांडतो, आठवड्याला एक. तो वाचला जातो किंवा गडबड असेल तर न वाचताच पटलावर ठेवलेला मानला जातो. मंत्रालयाने नंतर लेखी कळवायचं असतं. राज्यसभेत याच्या जवळचा प्रकार म्हणजे विशेष उल्लेख.

आमच्या तालुक्यातल्या रेल्वेच्या भुयारी मार्गात दर पावसाळ्यात कमरेइतकं पाणी साचतं. तेव्हाच्या खासदाराच्या गुळगुळीत कागदावरच्या कार्य अहवालात छापलं होतं, ‘भुयारी मार्गासाठी संसदेत आवाज उठवला’. मी शोधलं. नोंद सापडली : नियम ३७७, पटलावर ठेवलेला मजकूर, अकरा ओळी, त्यात गावाचं नाव चुकलेलं. आवाज असा उठलाच नव्हता. पण गंमत म्हणून हे सांगत नाही. त्या अकरा ओळींवर मंत्रालयाचं उत्तर गेलेलंच असणार, म्हणून आम्ही चार जण खासदाराच्या कार्यालयात गेलो आणि ते पत्र मागितलं. दोन खेपांनंतर प्रत मिळाली. पाणी उपसायची जबाबदारी कुणाची, ते त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या जूनमध्ये तोच कागद घेऊन आम्ही योग्य दारात उभे राहिलो. त्याआधी पाच वर्षं चुकीच्या दारात अर्ज देत होतो.

भाषणं कुठे वाचायची? मराठीत बोललेलं मराठीत सापडतं का?

इतिवृत्त संकेतस्थळावर आहे आणि चित्रफिती संसद टीव्हीवर. खासदाराला मराठीत बोलता येतं, दुभाषाची सोय आहे. इतिवृत्तात मात्र अनेकदा मराठी भाषणाचा अनुवाद छापलेला असतो, फुली मारून खाली ‘मूळ भाषण मराठीत’ अशी टीप. मूळ शब्द हवे असतील तर चित्रफीतच पाहावी.

मागच्या बाकावरच्याला वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे आणि पक्षातल्या क्रमाप्रमाणे मिळतो. दहा मिनिटांची तयारी करून आलेल्याला तीन मिनिटं मिळतात आणि दुसऱ्या मिनिटाला घंटा वाजते. ‘…(व्यवधान)’ असं दर दोन ओळींनी दिसलं तर समजा की तो माणूस आरडाओरड्यातून बोलत होता. तारका दिसल्या तर शब्द कामकाजातून काढलेले आहेत. ‘सभा पटल पर रखा’ असं असेल तर ते भाषण झालं नाही, लिहून दिलं. अर्थसंकल्पाच्या चर्चेत असं खूप होतं आणि तक्त्यात तोही ‘चर्चेत सहभाग’ धरला जातो. लिहून दिलेलं भाषण कमी प्रतीचं असतं असं नाही. रात्री उशिरा पाळी न आलेल्याकडे दुसरा मार्ग नसतो, आणि मी वाचलेल्यांपैकी उसाच्या थकबाकीवरचं सगळ्यात अभ्यासू टिपण असंच पटलावर ठेवलेलं होतं.

हजेरीचं काय?

दिवसातून एकदा नोंद झाली की हजेरी लागते; नंतर किती वेळ बसला ते कळत नाही. अगदी कमी हजेरी असेल तरच तिच्याकडे लक्ष द्या. सतरावी लोकसभा पाच वर्षांत एकूण २७४ दिवस बसली, तेव्हा टक्केवारी कशाची आहे तेही ध्यानात ठेवा.

खासगी विधेयकं कधी मंजूर होतात का?

आजवर १४ झाली, शेवटचं १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारचा अडीच तासांचा वेळ त्यांच्यासाठी असतो आणि त्या वेळेला बरेच खासदार मतदारसंघाकडे निघालेले असतात.

तरी ती वाया जात नाहीत. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा स्थापित करणारं विधेयक आणलं. विधेयक मंजूर होण्याआधी जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले; त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तोच प्रश्न हाती घेतला. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने एकमताने मंजूर केलं. लोकसभेत ते पुढे सरकलं नाही, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं. सुप्रिया सुळे यांचं कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक अजून त्या टप्प्याला पोचलेलं नाही; चर्चा मात्र पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत पोचली आहे.

मागच्या बाकावरून खरोखर काही हललंय का?

फिरोज गांधी. रायबरेलीचे, सत्ताधारी काँग्रेसचेच. १९५७ च्या सप्टेंबरात लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याबद्दल प्रश्न आला आणि गुळमुळीत उत्तर मिळालं. फिरोज गांधींनी तो धागा सोडला नाही. १६ डिसेंबरला त्यांनी कागदपत्रांसह सभागृहात मांडलं की विमेदारांचे सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवणूक समितीला न विचारता गुंतवले गेले. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली, मुंबईतच, उघड्या सुनावणीत. लोकांची एवढी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. आपल्याच पक्षाचा अर्थमंत्री, आपल्याच सासऱ्यांचं, नेहरूंचं, सरकार, आणि हातात फक्त प्रश्न विचारायचा हक्क.

त्याच फिरोज गांधींच्या खासगी विधेयकातून १९५६ चा कायदा आला, ज्यामुळे संसदेत बोललेलं खरंखुरं छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला भरता येत नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द केला गेला. १९७७ मध्ये परत आला आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला घटनेचं संरक्षण मिळालं.

पैसे घेऊन प्रश्न विचारले जातात, हे खरं का?

घडलं आहे. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यातल्या चित्रणानंतर ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यातले दोन महाराष्ट्रातले होते, जळगाव आणि एरंडोलचे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोईत्रा यांची खासदारकी प्रश्न नोंदवायच्या संकेतस्थळाचा पासवर्ड बाहेरच्याला दिल्याच्या मुद्द्यावर गेली. त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप नाकारला आणि २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. एखादा खासदार आपल्या भागाशी संबंध नसलेल्या एकाच उद्योगाबद्दल सतत विचारत असेल तर थांबून वाचावं. त्यावरून लगेच आरोप करू नये.

समित्यांमधलं काम दिसतं का?

फार थोडं. बैठका बंद दाराआड होतात. अहवालाच्या शेवटी बैठकांची टिपणं जोडलेली असतात, त्यात कोण हजर होतं ते कळतं.

आमदारांचंही असं बघता येतं का?

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज मिळतं. तिथे तारांकित प्रश्नांबरोबर लक्षवेधी सूचना आणि औचित्याचे मुद्दे बघा. पाणी, दवाखाना, शाळा, पोलीस यांचे प्रश्न खरं तर तिथलेच असतात.

मी खासदाराला प्रश्न सुचवू शकतो का?

जरूर. बहुतेक कार्यालयांना नेमका, तयार मजकूर हवाच असतो. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच द्या, कारण १५ दिवसांची अट आड येते. मर्यादा १५० शब्दांची आहे. केंद्राच्या अखत्यारीतला विषय घ्या : रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, पीक विमा, कापूस खरेदी, भविष्यनिर्वाह निधी. मत विचारू नका, न्यायप्रविष्ट गोष्ट विचारू नका. ‘का’पेक्षा ‘किती, कधीपासून, कुठे’ विचारा. जिल्ह्याचं नाव घाला, गेल्या तीन वर्षांचे आकडे मागा आणि शेवटचा उपभाग नेहमी असा ठेवा : काम पूर्ण व्हायची ठरलेली तारीख कोणती? गावाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहून द्या, म्हणजे आमच्यासारखं चुकणार नाही. मजकुराखाली आपला फोन नंबर लिहा आणि उत्तर आलं की प्रत पाठवा असं सांगून या.